डावा बूट

कोल्हापुरात नवा माणूस भेटला की त्याची नोकरी नंतर विचारतात, आधी तालीम कुठली ते विचारतात. मल्हार वडणगेकरला मात्र हा प्रश्न कुणी विचारत नसे. चिंचतळ तालमीच्या फुटबॉल संघात मल्हार म्हणजे चेंडू देणारा आणि अयान शिकलगार म्हणजे तो जाळ्यात घालणारा, हे पेठेतल्या म्हाताऱ्याकोताऱ्यांनाही ठाऊक होतं. मिसळवाला दोघांना दुसऱ्यांदा कट वाढताना हात आखडत नसे. गंगावेशीतला गवळी धारोष्ण दुधाचा ग्लास आधी या दोघांच्या हातात द्यायचा आणि रांगेतली माणसं हसून गप्प बसायची.

तालमीनं सगळ्या पोरांना एकसारखे काळे बूट घेतले होते. मल्हारची आई घरी मशीनवर अर्ध्या शहराच्या जर्सी शिवायची. बूट ओळखू यावेत म्हणून तिनं दोघांच्या बुटांच्या जिभेला आतून टाके घातले होते, मल्हारच्या तांबड्या दोऱ्याचे आणि अयानच्या पिवळ्या. आता या दोघा शहाण्यांनी काय करावं? मिसरूडसुद्धा फुटलं नव्हतं तेव्हा एका सामन्यात गडबडीत दोघांचे डावे बूट अदलाबदल झाले. सामना दक्षिण वेस तालमीशी होता, म्हणजे जन्माचं वैर. त्यात अयाननं एकट्यानं तीन गोल मारले. झालं! तेव्हापासून डावा बूट एकमेकाचा घालायचा हे ठरूनच गेलं. कुणाला सांगायचं नाही, सांगितलं की गुण जातो, हेही ठरलं. बूट जुने झाले, नवे आले, आईनं पुन्हा टाके घातले आणि यांनी पुन्हा अदलाबदल केली. पाय एकाच मापाचे होते. पुढे पुढे तर हा बूट आपला नाही, हे दोघांच्या ध्यानातही राहिलं नाही. रोज घातलेल्या सदऱ्याची गुंडी कोण आठवत बसतो?

याच काळात कॉलेजं खेळाडूंना पगार द्यायला लागली. पूर्वी कॉलेजचा संघ म्हणजे काय, तर फीमध्ये सवलत, एक ट्रॅकसूट आणि जिंकलात तर वडा-चहा. मग कॉलेजांची लीग लोक फोनवर बघायला लागले, त्यापाठोपाठ जाहिराती आल्या आणि खेळाडूंनाही त्यातला वाटा द्यायला सरकारनं परवानगी दिली. पुण्याकडच्या खासगी विद्यापीठांची माणसं मोठमोठ्या गाड्या घेऊन पेठांमधून फिरू लागली. तालमीत वाढलेली, तालमीच्या दुधावर पोसलेली पोरं बघता बघता निघून गेली. करारात पहिलीच अट असायची, तालमीकडून खेळायचं नाही. स्टेडियमच्या पायऱ्या तशाच भरायच्या, पण मैदानात उतरायची ती उरलीसुरली पोरं. तालमीचे दिनकर वस्ताद कुणालाच अडवत नसत. ते म्हणायचे, पोराच्या घरात चूल नीट पेटत असेल तर मी कोण अडवणारा? म्हणायचे खरे, पण दर वर्षी त्यांचा आवाज थोडा खाली यायचा.

पैसा आला की खात्रीही मागितली जाते. कॉलेजला भीती एकाच गोष्टीची होती, गुडघ्याची. दोन हाडं एकमेकांना बांधून ठेवणारा करंगळीएवढा एक दोर गुडघ्यात असतो, डॉक्टर त्याला लिगामेंट म्हणतात. तो तुटला की खेळाडू संपला असं नाही, पण पहिल्यासारखाही राहत नाही. आणि तुटायच्या आधी तो कुठल्याच फोटोत धड दिसत नाही, आतल्या आत धागा धागा झिजत असतो. डॉ. शाल्मली बर्वे नावाच्या बाईंनी शोधून काढलं ते असं, की माणसाला जे कळत नाही ते त्याच्या मांडीला कळतं. दोर कमजोर झाला की पाऊल जमिनीला टेकताना मांडीचा स्नायू नेहमीपेक्षा किंचित आधीच आवळतो, गुडघ्याला सावरून धरतो. हा फरक इतका बारीक, की खुद्द खेळणाऱ्यालाही जाणवत नाही. पण त्यामुळे पायाचा दाब तळव्यावर वेगळा पडतो. बाईंनी बुटात घालायचं एक पातळ सोल बनवलं, ते प्रत्येक पावलाचा दाब टिपून ठेवी. एक हंगाम असा टिपला की कुठला गुडघा टिकणार आणि कुठला जाणार, हे सांगता येई. त्याला नाव दिलं तळवेध. तळवेधचा हिरवा शेरा असल्याशिवाय कुठलंही कॉलेज करार करेना.

अर्थात कुणी दुसऱ्यालाच बूट घालून पळवलं तर? तीही सोय होती. माणसाची चाल सोल ओळखायचं. पण त्यासाठी एकच पाय पुरतो म्हणून ते काम फक्त उजव्या सोलवर सोपवलेलं होतं. डावं सोल उजव्याच्या जोडीचं, ते आणखी कुणाच्या पायात असणार? चिंचतळ तालमीमागच्या कोपऱ्यात दोन पोरं काय करतात, हे पुण्यात बसलेल्या विद्वानांच्या डोक्यात येणार तरी कसं?

तर त्या वर्षी हंगामाच्या सुरुवातीला कंपनीचा माणूस तालमीत आला. मल्हारच्या बुटांच्या जोडीत मल्हारच्या नावाची सोलं घालून गेला, अयानच्या जोडीत अयानच्या नावाची. दोघांनी मान डोलावली, आणि सामन्याच्या दिवशी सवयीप्रमाणे डावे बूट बदलून मैदानात उतरले.

निकाल सांगायला बर्वेबाई स्वतः तालमीत आल्या. हनुमंताच्या मूर्तीसमोर सतरंजीवर बसल्या, वस्तादांनी दिलेला चहा प्यायल्या, आणि उगाच गोड बोलत बसल्या नाहीत. अयानला हिरवा शेरा होता, जुलैपासून पुण्याच्या विद्यापीठात यायचं. मल्हारच्या डाव्या गुडघ्याला लाल. वर्षभरात, फार तर दीड वर्षात जाईल, त्या म्हणाल्या. झिजलेला दोर परत भरत नाही, म्हणून लाल शेराही परत बदलत नाही.

मल्हारच्या पायाखालची जमीन सरकली. त्यानं डाव्या गुडघ्यावर हात ठेवला. काही दुखत नव्हतं, आणि तेच जास्त भयंकर वाटलं. अयान शेजारी बसला होता. त्यानं मल्हारकडे बघितलं, मग दाराशी काढून ठेवलेल्या बुटांकडे बघितलं आणि खाली मान घातली. मल्हारला वाटलं, माझं दुःख त्याला बघवत नाही. त्या दिवशी अयान जेवलासुद्धा नाही, हे त्याच्या अम्मीनं सगळ्या गल्लीला कौतुकानं सांगितलं.

अयान गेला, आणि मल्हारचं सगळं बदललं. कुणी वाईट वागलं असतं तर भांडता तरी आलं असतं. सगळेच जपून वागायला लागले. मिसळवाला विचारायचा, पाय कसा आहे? गवळी म्हणायचा, बसून पी बाबा. वस्तादांनी त्याला पहिल्या संघातून काढलं. मल्हारनं कारण विचारलं तेव्हा ते म्हणाले, माझ्या मैदानात तुझा पाय मोडला तर तुझ्या आईला मी तोंड कसं दाखवू?  नवं सोलही त्याला कुणी देईना, लाल शेऱ्याच्या पोरावर कोण खर्च करतो? आई त्याला पिठाचा डबाही उचलू देईना.

आणि मग तो लंगडायला लागला. खरंच सांगतो, पायाला काही झालेलं नव्हतं. पण माणूस दिवसभर एखाद्या गुडघ्याला सांभाळत राहिला की चाल बदलते. जिना उतरताना तो डावा पाय हळूच टेकवायचा. लोक बघायचे, एकमेकांना खुणावायचे आणि म्हणायचे, मशीन खोटं बोलत नाही बघा. हळूहळू मल्हारला गुडघ्यात काहीतरी ठसठसतंय असंही वाटायला लागलं. रागावायचं कुणावर, तेच त्याला कळेना.

दिवाळीच्या आधी आई घर आवरत होती. मल्हारचे बूट खाटेखाली धूळ खात पडले होते. ते तिनं उन्हात ठेवले, जीभ बाहेर ओढली आणि हाक मारली.

"अरे, अयानचा एक बूट आपल्याकडंच राहिलाय की. डावा. पाठवून दे त्याला."

मल्हार दारात आला. आईच्या हातात पिवळ्या टाक्याचा बूट होता. तो त्या टाक्याकडे बघतच राहिला.  आई विचारत होती, काय झालं रे, अंग गरम आहे का? त्याच्या डोक्यात मात्र एकच गोष्ट फिरत होती. माझ्या नावाचं डावं सोल हंगामभर अयानच्या पायाखाली होतं. लाल शेरा त्या सोलचा आहे. म्हणजे जाणार आहे तो गुडघा माझा नाही.

पहिल्यांदा त्याला काय वाटलं असेल? आनंद झाला, दुसरं काय! तो अंगणात जागच्या जागी दोनतीन उड्या मारून मोकळा झाला. आणि मग ध्यानात आलं, तो गुडघा अयानचा आहे.

दुसऱ्या दिवशी तो पुण्याला गेला. विद्यापीठाचं मैदान बघून त्याचे डोळे दिपले, हिरव्यागार गवतावर एक खडासुद्धा नव्हता. अयान सरावातून आला, त्याला मिठी मारली आणि कँटीनच्या मागच्या कट्ट्यावर घेऊन गेला. चालताना त्याचा डावा पाय अगदी सरळ पडत होता. मल्हारनं पिशवीतून बूट काढला आणि त्याच्यासमोर ठेवला. 

"मला माहीत आहे," अयान म्हणाला.

"कधीपासून?"

"बाईंनी सांगितलं तेव्हापासून. बूट दारातच होते की रं."

मल्हारला वाटलं, याच्या कानाखाली वाजवावी. त्याला ते सगळे महिने आठवले, वस्तादांचं बोलणं, आईचं डोळे पुसणं, रस्त्यानं लंगडत जाणं. पण अयान रडत नव्हता, हातही जोडत नव्हता. तो सगळं सरळ सांगत होता. अब्बांचं वेल्डिंगचं दुकान गेल्या वर्षी बंद पडलं, बहिणीचं नर्सिंगचं शिक्षण याच पगारावर चाललंय. कधीमधी वळताना गुडघा सुटल्यासारखा वाटतो. नवी सोलं अजून त्याची चाल शिकतायत, हंगाम संपल्यावर बोलतील. त्याच्या आत, करार चालू असताना, मैदानावर गुडघा गेला तर ऑपरेशन कॉलेज करणार आणि पदवी होईपर्यंत पगारही देणार. आता लाल शेरा बसला तर उद्याच घरी पाठवतील, आणि गुडघा काय, तो कुठंतरी जाणारच आहे.

"जायचाच आहे तर इथं जाऊ दे, भावा," तो म्हणाला. "एवढा हंगाम गप्प रहा. तुटला की सांगून टाक. तुझा लाल शेरा जाईल, मार्चची निवड तुला मिळेल. तोवर तुझ्या वयाचीही अडचण नाही."

मल्हार एकोणिसाव्या वर्षात होता, आणि एकोणिसाच्या पुढे कुठलंही कॉलेज घेत नसे. मार्चची निवड म्हणजे शेवटची. हे अयानलाही पक्कं ठाऊक होतं. मल्हार त्याच्यावर खूप ओरडला, तू खेळणं सोड म्हणाला, मी आत्ता जाऊन सांगतो म्हणाला. अयान म्हणाला, सांग की, तुझा हक्कच आहे. आणि खरंच त्यानं वाट मोकळी करून दिली, बर्वेबाईंची कचेरी कुठल्या मजल्यावर आहे तेही सांगितलं. मल्हार बूट पिशवीत टाकून त्या इमारतीपर्यंत गेला. दारातून परत फिरला आणि एसटी पकडून घरी आला.

त्यानंतर त्यानं जे दिवस काढले, ते वैऱ्यावरही येऊ नयेत. अयानचा सामना असला की तालमीत मोठा पडदा लावत. सगळी पेठ जमायची, चुरमुरे-फरसाण, आरडाओरडा, अयानच्या नावानं शिट्ट्या. त्या गर्दीत एकटा मल्हार चेंडूकडे बघत नसे. तो अयानच्या डाव्या गुडघ्याकडे बघत असे. अयान उडी मारून जमिनीवर आला की याच्या छातीत धस्स व्हायचं. सामना संपून अयान चालत बाहेर गेला की जीव भांड्यात पडायचा, आणि त्याच क्षणी आत कुठंतरी वाटायचं, आजही नाही. आपण मित्राचा पाय मोडायची वाट बघतोय, हे त्याला कळत होतं. मार्च जवळ यायला लागला, तसं ते जास्तच कळायला लागलं. तो कुणाशी बोलेनासा झाला. आईला वाटायचं, पोरगं गुडघ्याच्या काळजीनं झुरतंय. तसं बघितलं तर तिचं काही चुकत नव्हतं.

फेब्रुवारीत एका सामन्यात अयान चेंडू घेऊन आत घुसला. समोर कुणीही नव्हतं, कुणी पाय घातला नाही, कुणी धक्का दिला नाही. त्यानं नुसतं डावीकडून उजवीकडे वळण घेतलं आणि तो खाली बसला. पडदा बघणाऱ्यांना वाटलं, घसरला. त्याची अम्मी पुढच्याच सतरंजीवर होती, ती सुद्धा हसत म्हणाली, ऊठ की रे. मल्हार तोवर उठून बाहेर गेला होता. चिंचेच्या झाडाला धरून तोही खाली बसला.

आठवड्याभरात बर्वेबाईंचा फोन आला. मल्हार आईनं शिवलेल्या जर्सीचा गठ्ठा सायकलवर बांधत होता. त्यांनी आधी त्याच्या पायाची चौकशी केली आणि मग मुद्द्यावर आल्या. हिरव्या शेऱ्याचा गुडघा असा तुटायला नको होता. त्यांनी दोघांच्या फायली शेजारी ठेवून बघितल्या. दोघांची फक्त डाव्या पायाची नोंद एकमेकांत बदलली, तर सगळं कोडं सुटतं. तुम्ही दोघांनी कधी बूट बदलले होते का, एवढंच त्यांना हवं होतं.

मल्हारच्या तोंडून हो निघणारच होतं. इतके महिने त्यानं याच प्रश्नाची वाट बघितली होती.

"थांब," बाई म्हणाल्या. "तू हो म्हणालास तर काय होईल, ते मी लपवणार नाही. तुझा लाल शेरा मी आजच काढते, मार्चच्या निवडीला तुझं नाव मी स्वतः देते. पण अयानची नोंद खोटी ठरेल. नोंद खोटी म्हणजे करार पहिल्या दिवसापासून रद्द. ऑपरेशन कॉलेज करणार नाही, आणि दिलेला पगार परत मागेल. मला ते आवडत नाही, पण करार माझ्या हातात नाही. मला फक्त खरं काय ते कळलं पाहिजे. नाहीतर माझं मशीन कुठं चुकतं हे मला कधीच कळणार नाही."

हे अयानला माहीत नव्हतं. तुटला की सांग, असं तो भाबडेपणानं म्हणाला होता. करारातली ती ओळ दोघांपैकी कुणीही वाचली नव्हती. मल्हारनं सायकलचा दांडा घट्ट धरला. समोर गल्लीच्या टोकाला अयानचं घर दिसत होतं. दुकानाचं शटर तसंच बंद होतं, आणि त्याची बहीण पांढरा गणवेश वाळत घालत होती. खेळायचं मल्हारला होतं, सगळ्या जगापेक्षा जास्त खेळायचं होतं. गुडघा शाबूत होता, वय होतं, दार उघडं होतं आणि एक शब्द बोलायचा होता.

"नाही मॅडम," तो म्हणाला. "ज्याचा बूट त्याच्याच पायात होता."

 ठीक आहे, बाई म्हणाल्या. त्यांचा विश्वास बसला नव्हता, ते आवाजावरून कळत होतं. मशीन हजारात एकदा चुकतं, असं त्यांनी पुढे कुठंतरी लिहिलं म्हणे. मार्च आला आणि गेला. मल्हारला विसावं लागलं.

अयान पाडव्याला घरी आला, कुबड्यांवर. ऑपरेशन झालं होतं, पगार चालू होता. अम्मीनं शिरखुर्मा केला, पेठेतली माणसं भेटून गेली. ऊन उतरल्यावर तो एकटाच मैदानाकडे आला. मल्हार तिथं भिंतीवर चेंडू मारत होता. अयान पायरीवर टेकला, कुबड्या बाजूला ठेवल्या.

"कॉलेजनं दवाखान्याचं सगळं भरलं," तो म्हणाला. "करारातली ती ओळ मी नंतर वाचली, तेव्हाच मला कळलं, तू बाईंना काय सांगितलंस ते."

मल्हारनं मान हलवली. चेंडू घेऊन तो पायरीपर्यंत आला. अयान त्याच्या पायांकडे बघत होता.

"तू का लंगडतोयस? पाय तर तुझा चांगला आहे."

"सवय लागली."

 अयाननं पाठीवरच्या पिशवीतून डावा बूट काढला, तांबड्या टाक्याचा. तुझा तुला देतो, म्हणाला, आणि दोन्ही हातांत तोंड लपवून रडायला लागला. मल्हार त्याच्याशेजारी बसला. त्यानं पायातला पिवळ्या टाक्याचा बूट काढून अयानपाशी ठेवला आणि आपला स्वतःचा घातला. इतक्या वर्षांत पहिल्यांदा त्याच्या दोन्ही पायांत त्याचेच बूट होते. पण या बुटात हंगामभर अयान पळाला होता, आतली सगळी घडण त्याच्या पायाची झाली होती. करंगळीपाशी दाबत होतं, टाच उचलली जात होती.

"बसतो का?" अयाननं डोळे पुसत विचारलं.

"बसतो," मल्हार म्हणाला, आणि चेंडू घेऊन लंगडत मैदानात गेला.